ट्रॅकवर स्प्रिंटसाठी कोणते पेडल घ्यावे? स्टार्टला जोर लावताना बूट निसटतो

रोड सायकलचे तीन बोल्टचे क्लिपलेस पेडल (बुटाच्या तळव्याला बसवलेला क्लीट नावाचा तुकडा अडकवून धरणारे) घ्या (शिमानो एसपीडी-एसएल किंवा लूक केओ), त्याचा स्प्रिंग पूर्ण आवळा आणि स्टँडिंग स्टार्ट (थांबलेल्या सायकलवरून सुरुवात) करत असाल तर वरून चामड्याचा किंवा नायलॉनचा पट्टाही लावा. उभ्याने सुरुवात करताना मागचा पाय जोरात वर खेचला जातो आणि टाच थोडी बाहेर वळते. नेमकी हीच हालचाल क्लीट सोडवते. त्यात फिक्स्ड गिअरमुळे (चाक फिरेल तसे पेडलही फिरतेच) पेडल थांबत नाही, म्हणून एक पाय निसटला की दुसरा फिरतच राहतो आणि पडणे जवळजवळ ठरलेले.

क्लीटचा रंग बघून घ्या. शिमानोत लाल म्हणजे फ्लोट (अडकलेला बूट पेडलवर आजूबाजूला किती वळू शकतो ते) शून्य, निळी २ अंश, पिवळी ६ अंश. लूकमध्ये मात्र काळी शून्य, राखाडी ४.५ आणि लाल तब्बल ९ अंशांची, त्यामुळे 'लाल दे' एवढेच सांगून मोकळे होऊ नका. स्प्रिंटर सहसा शून्य किंवा अगदी कमी फ्लोट निवडतात. क्लीटची कड झिजली असेल तर पेडल कितीही चांगले असो, बूट सुटणारच. तुमच्या बाबतीत आधी तेच तपासा, नवी क्लीट पेडलपेक्षा बरीच स्वस्त पडते. डोंगरी सायकलचे दोन बोल्टचे पेडल या कामाला नको.

एक अट: शून्य फ्लोटमध्ये क्लीटचा कोन जरा चुकला तरी गुडघा दुखू लागतो. कोन नीट बसेपर्यंत थोडा फ्लोट ठेवून, पट्ट्याच्या भरवशावर सराव करा. पट्टा आवळल्यावर पाय स्वतःहून पटकन निघत नाही, तेव्हा थांबताना कठडा किंवा धरणारा माणूस हवाच. जपानच्या पारंपरिक व्यावसायिक केइरिनमध्ये (ट्रॅकवरच्या स्प्रिंट शर्यतीत) तर अजूनही टो-क्लिप (बुटाचे टोक अडकवायचा पिंजरा) आणि पट्टेच चालतात.