आधी वही लिहा, मग टेस्ट

ताई, साबुदाण्याची खिचडी खाऊन लेकाच्या अंगावर गांधी उठल्या म्हणून लगेच रक्ताचं भलंमोठं पॅनेल (एकदम अनेक पदार्थांची ॲलर्जी टेस्ट) करू नका. आधी वहीत लिहून ठेवा: काय खाल्लं, किती वाजता, किती वेळाने काय झालं. खाण्याची अशी ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते 2 तासांत दिसते.

ती वही घेऊन ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा. स्किन प्रिक टेस्टचा (त्वचेवर थेंब टाकून हलकं टोचून बघतात) निकाल 15-20 मिनिटांत कळतो. खाजेची गोळी काही दिवस आधी थांबवावी लागते, ते विचारून घ्या. आणि टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी पक्की असं नाही! माझ्या मुलीची गव्हाची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती; ती आजही रोज पोळी खाते, काही होत नाही. आयजीजीच्या (रक्तातल्या एका प्रतिपिंडाच्या) टेस्टवर तर पैसे घालवूच नका. शंका उरलीच तर डॉक्टर हॉस्पिटलात थोडं थोडं खायला देऊन बघतात. घरी हा प्रयोग अजिबात नको.

खिचडीतल्या दाण्याच्या कुटाचाच संशय आहे, म्हणून तोवर तो बंद. कोशिंबीर, भरली वांगी, सुकी चटणी, सगळीकडे तो असतो, लोकांकडे जेवताना विचारायला लाजू नका. ओठ सुजले, श्वास घरघरला किंवा पोर मलूल पडलं तर गोळी देऊन वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा. तिथे मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन देतात.