दहावीच्या निरोप समारंभात वर्गातर्फे बोलायचं आहे. पाठ केलेलं वाटणार नाही असं काय बोलू?

तुझा प्रश्न वाचला आणि फेब्रुवारी २००३ आठवला. तू लिहिलंस की नागपूरच्या मराठी शाळेत दहावीला आहेस, पुढच्या महिन्यात नववीची मुलं निरोप देणार आहेत आणि दहा वर्षांबद्दल वर्गाच्या वतीनं बोलायचं काम तुझ्यावर आलंय. माझ्यावरही तेच आलं होतं, आणि तेही नागपुरातच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं भाषण मी एका रात्रीत लिहून काढलं होतं. त्यात शाळा ज्ञानमंदिर होती, शिक्षक दीपस्तंभ होते आणि शेवटी आम्ही सगळे घरट्यातून उडून जाणारी पिल्लं होतो. मराठीच्या बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हे सीताबर्डीच्या शाळेत चालेल अन् गोंदियाच्या शाळेतही चालेल. यात तुमचा वर्ग कुठं आहे?"

मला रडू आलं, कारण अक्षर सुद्धा चांगलं काढलं होतं. पण बाईंचं खरं होतं. त्यांनीच मग एक कोरी दोनशेपानी वही दिली आणि ती आठवडाभर वर्गात फिरवायला सांगितली. प्रत्येकानं एकच गोष्ट लिहायची. ती वर्गात घडलेली असावी, स्वतः पाहिलेली असावी आणि शक्यतो दुसऱ्याबद्दल असावी. खाली नाव टाकायचं नाही. तू बाकी काही केलं नाहीस तरी ही वही नक्की फिरव. भाषण त्यातूनच निघेल, आणि ते तुझ्या एकट्याचं न राहता वर्गाचं होईल.

पहिले दोन दिवस वही कोरीच परत आली. मग एकानं घंटेबद्दल लिहिलं आणि धरणाचं दार उघडावं तसं झालं. आमच्या शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाला तारेनं टांगलेला रेल्वे रुळाचा हातभर तुकडा. शिपाईकाका लोखंडी सळईनं तो वाजवायचे. त्या मुलानं लिहिलं होतं की छोट्या सुट्टीनंतरचा पहिला ठोका काका नेहमी हळू मारतात आणि नळावर शेवटचं मूल पाणी पिऊन होईपर्यंत दुसरा मारत नाहीत. दहा वर्षं आम्ही ती घंटा ऐकली आणि हे एकालाच दिसलं होतं! दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग खिडकीत उभा राहून पाहत होता. खरंच तसं होतं.

२६ जूनबद्दल तर कितीतरी जणांनी लिहिलं. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू व्हायच्या, आपल्याकडे विदर्भात मात्र २६ जूनला. त्याआधी नागपुरात पत्र्याखाली किंवा कौलाखाली पोरांना बसवणं शक्यच नसतं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, संपलेला, पहिला पाऊस पडून गेलेला, पुस्तकांना खाकी कव्हर आणि वर्गात उन्हाळाभर बंद राहिलेल्या खोलीचा वास. एकीनं पाचवीतला इंग्रजीचा पहिला तास लिहिला. आमची इंग्रजी पाचवीला सुरू झाली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली, तोवर आम्ही आठवीत पोचलो होतो. चार रेघी वहीत 'ए' गिरवताना आमच्यातल्या दहा-अकरा वर्षांच्या घोड्यांना पहिलीतल्यासारखं वाटत होतं आणि त्याचा आनंदच होत होता, असं तिनं लिहिलं होतं. रामन विज्ञान केंद्राची सहल होती, गळणाऱ्या छताखाली लावलेली बादली होती, उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटल्यावर तापलेल्या सायकलच्या सीटवर टाकायचा ओला रुमाल होता.

पण सगळ्यात जास्त पानं बडग्यावर होती. तू नागपूरचं आहेस म्हणजे मारबत-बडग्या सांगायला नको. पण ही उत्तरं बाहेरचेही वाचतात, म्हणून थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत अशा दोन मोठ्या मूर्तींची मिरवणूक निघते. इतवारी-महालाकडची ही प्रथा १८८० च्या दशकापासूनची आहे. सोबत बडगे असतात. जे काही माणसाला छळतं त्याचा पुतळा करायचा, गावभर फिरवायचा, मग जाळायचा. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, दरवर्षी नवा. आणि वाटभर आरोळी, "ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जाऽऽ गे मारबत!"

मिरवणुकीच्या दिवशी शाळेला सुट्टी असायची. म्हणून आठवीत आम्ही पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्गातच बडग्या केला, भूमितीचा. पोट म्हणजे कापडाच्या दुकानातून आणलेला खोका, त्यावर चुकलेल्या प्रमेयांची पानं चिकटवलेली. हात म्हणजे दोन मोडक्या फूटपट्ट्या. डोकं माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं केलं. तिनं वर्तमानपत्र भिजवून त्याचा लगदा केला, मडक्यावर थापला, दोन दिवस गच्चीवर वाळवला आणि डोळ्यांच्या जागी सोड्याच्या बाटलीची बुचं बसवली. इतका हुबेहूब घाबरलेला चेहरा झाला होता की पहिलीतली पोरं दारातून पळाली. मधल्या सुट्टीत आम्ही तो मैदानात फिरवला आणि ओरडलो, "प्रमेय-बिमेय घेऊन जाऽऽ गे मारबत!" गणिताचे सर व्हरांड्यात उभे होते. आम्ही गप्प झालो. सरांनी हातातला खडू खिशात टाकला, पायऱ्या उतरून आले आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "परीक्षेची भीती घेऊन जाऽऽ गे मारबत!"

या गोष्टीवर सभागृहात जी दाद मिळाली ती मी आजही विसरले नाही. सर पहिल्या रांगेत बसले होते.

आता वहीतलं एक पान तुला जसंच्या तसं सांगते. "आठवीत माझे बाबा वारले. मी पंधरा दिवस शाळेत आले नाही. आले तेव्हा माझ्या सात विषयांच्या सात वह्या पूर्ण लिहिलेल्या होत्या. सातही वह्यांत अक्षर वेगळं होतं. कोणी लिहिल्या ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही."

नाव नव्हतं, तरी कोणाचं पान ते सगळ्यांना कळणारच होतं. मी ते वाचलं आणि बराच वेळ तशीच बसले. भूगोलाची वही मी लिहिली होती, आणि मला ते आठवतही नव्हतं. तिला मात्र अक्षर सुद्धा लक्षात होतं. भाषणात घ्यावं की नाही यावर मी दोन दिवस घोळत होते. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "वाच ना. पण नाव नको घेऊ माझं." मी नाव घेतलं नाही. तूही असं काही घेणार असशील तर आधी विचार. कोणाच्या घरचं दुःख टाळ्यांसाठी वापरायचं नसतं, आणि ज्यानं लिहिलंय त्याला ते मोठ्यानं ऐकायचं असेलच असंही नाही.

इथपर्यंत सगळं चांगलं झालं. पुढचं मात्र मनाला लागून राहिलंय, आणि खरं तर त्यासाठीच मी तुझ्या प्रश्नाला उत्तर लिहायला बसले.

माझ्या भाषणाचं शेवटचं वाक्य होतं, "आम्ही ५४ जण ही शाळा सोबत घेऊन चाललो आहोत." खूप टाळ्या पडल्या. मग खाणं सुरू झालं. निरोप नववीचा वर्ग देतो, म्हणजे वाढणारेही नववीचेच. कागदी ताटलीत समोसा, चिवडा आणि संत्रा बर्फीचा एक तुकडा. माझ्यासमोर ताटल्यांचा ट्रे घेऊन जी आली ती माझी बाकावरची मैत्रीण होती. बडग्याचं डोकं करणारी. पहिलीपासून नववीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. २००२ च्या मे महिन्यात नववीचा निकाल लागला, ती भूमितीत राहिली आणि बाक वेगळे झाले.

तिनं माझ्या ताटलीत बर्फीचे दोन तुकडे ठेवले. मी नुसतीच उभी होते. ती म्हणाली, "काऊन गं, खाऊन नाही राहिली?" आणि मग अगदी सहज, "भाषण मस्त झालं तुझं. फक्त आपण एकसष्ट होतो ना."

नववीत आम्ही एकसष्टच होतो. २६ जानेवारी २००२ ला झेंडावंदन झाल्यावर सगळे मिळून सीताबर्डीचा किल्ला पाहायला गेलो होतो. तो सैन्याच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना आत सोडतात. वरून रेल्वे स्टेशन दिसतं. तिथं सरांनी डोकी मोजली होती, एकसष्ट. मी त्या दिवसाबद्दल भाषणात बोलले होते, किल्ल्याचा चढही सांगितला होता. आणि तरी शेवटी चोपन्न म्हणाले. बडग्याच्या डोक्याचं कौतुक केलं, पण ते करणारी हॉलच्या मागच्या दाराशी ट्रे घेऊन उभी आहे, हे माझ्या मनातही आलं नाही.

सातांपैकी पाच जण नववीत मागे राहिले होते. दोघांना घरच्यांनी दाखला काढून दुसरीकडे नेलं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायला. तेव्हा कितीतरी शाळांत हे चालायचं. दहावीचा निकाल चांगला लागावा, शाळेचं नाव वर्तमानपत्रात यावं, म्हणून कच्ची मुलं नववीतच थांबवायची. ७५० गुणांची परीक्षा होती, गुणवत्ता यादी निघायची, आणि या सगळ्याचा भार नववीच्या निकालावर पडायचा. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला तो आठवीपर्यंतच. नववी त्याच्या बाहेरच राहिली. एका इयत्तेत चार-दोन धडे कमी पडले म्हणून नऊ वर्षांची सोबत यादीतून पुसली जाते, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आज माझी मुलगी सातवीत आहे तरी पटत नाही.

मैत्रीण पुढच्या वर्षी दहावी झाली. आमचं बोलणं कधीच तुटलं नाही. पण ते वाक्य मला दुरुस्त करायला मिळालं नाही. निरोप समारंभ एकदाच होतो.

म्हणून सांगते. भाषण पाच मिनिटांचं ठेव, मोठ्या अक्षरात कागदावर लिही, आणि घरी जसं बोलतोस किंवा बोलतेस तसंच बोल. 'काऊन', 'बाप्पा' तोंडात आलं तर येऊ दे, हॉलमधले सगळे नागपूरचेच आहेत. शिक्षकांचे आभार मानताना प्रत्येकाची एकच खरी गोष्ट सांग, विशेषणं सोड. शिपाईकाका, मावशी यांना विसरू नकोस. चुका झाल्या, आवाज कापला, तरी थांबून पाणी पी आणि पुढे बोल.

आणि त्याआधी एक दिवस मोठ्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसात जा. दाखल-खारीज रजिस्टर तुझ्या हातात देणार नाहीत, पण वर्गशिक्षकांना सोबत नेलंस तर ते पाहून नावं सांगतील. पहिलीपासून तुमच्यासोबत कोण कोण होतं आणि मध्येच कोण गेलं ते विचार. कोणाच्या बाबांची बदली झाली असेल, कोणाचं लग्न लावलं असेल, कोणी कामाला लागलं असेल, कोणी हयातही नसेल. ती नावं पेनानं एका कागदावर लिहून घे. जी मुलं नववीत राहिली आहेत ती त्या दिवशी तुमच्याच हॉलमध्ये ताटल्या लावत असतील. त्यांना आधी एकटं गाठून विचार, नाव घेतलेलं चालेल का. चालेल म्हणाले तर बाईंना सांगून त्यांच्या खुर्च्या तुमच्या रांगेत लाव, आणि आकडा सांगशील तेव्हा पूर्ण सांग.