युद्धपटांची सुरुवात कुठून करावी

पहिला सिनेमा जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) घे. दरोडेखोरांपासून एक गाव वाचवायला उभ्या राहिलेल्या सात सामुराईंची, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्यांची, ही गोष्ट. जवळजवळ साडेतीन तासांचा आहे, पण कंटाळा येणार नाही. शेवटची लढाई भर पावसात, चिखलात होते. माणसं घसरतात, धापा टाकतात. किती दरोडेखोर उरले, याचा हिशोब कागदावरच्या गोलांवर फुल्या मारून ठेवलेला असतो. आणि जे चार सामुराई मरतात ते चौघंही बंदुकीच्या गोळीने, तलवारीने एकही नाही. ते बघताना अजूनही माझ्या पोटात कालवतं.

मग ‘ब्रेव्हहार्ट’ बघ, स्कॉटलंडच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचा सिनेमा. जोश जबरदस्त, पण इतिहास म्हणून धरू नकोस. १२९७ ची स्टर्लिंगची लढाई स्कॉटिश लोक जिंकले ते अरुंद पुलामुळे. थोडे इंग्रज सैनिक अलीकडे येऊ दिले आणि बाकीचे पोचायच्या आत त्यांच्यावर तुटून पडले. सिनेमात पूलच नाही! डावपेचाचा जीवच गेला, असं माझं मत.

म्हणून आधी सिनेमा मनापासून बघ, त्या लढाईबद्दल नंतर वाच. उलट केलंस तर सगळा वेळ चुका शोधण्यातच जाईल. लांबलचक मालिकांना एवढ्यात हात लावू नकोस.