दमा आहे आणि तारकर्लीला डायव्हिंग करायचंय?

पंप कधीतरीच लागतो, म्हणून डायव्हिंगच्या आरोग्य फॉर्मवर दम्यापुढे ‘नाही’ लिहू का, असं तू विचारलंस. अजिबात लिहू नकोस. मालवणला बुकिंग करायच्या आधी इथे मुंबईतच छातीच्या डॉक्टरांना भेट. शक्यतो डायव्हिंगची माहिती असलेलेच शोध.

कारण समजून घे. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे पाठीवरच्या टाकीतून घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. आपण श्वास सोडत वर येतो, म्हणून काही होत नाही. पण दम्यात श्वासनलिका आकसली तर हवा आतच अडकते. मग फुप्फुस फाटू शकतं, हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. शेवटचे काही मीटरच सर्वांत धोक्याचे. त्यात टाकीतली हवा कोरडी आणि गार, म्हणजे दम्याला नेमकी चिथावणी.

म्हणून स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुप्फुसं तपासायची चाचणी, करून घे, व्यायामाच्या आधी आणि नंतरही. ब्रिटनमधले डायव्हिंगचे डॉक्टर थंडीने, श्रमाने किंवा भावनांच्या ताणाने दमा उसळणाऱ्यांना पाण्यात उतरू देत नाहीत. बाकीच्यांनाही पंप लागल्यावर ४८ तास मनाई. जिना चढताना तुला धाप लागते म्हणालीस, ते डॉक्टरांना आवर्जून सांग.

परवानगी मिळाली तरी सर्दी असेल त्या दिवशी उतरू नकोस, कानांना इजा होऊ शकते. नाहीच मिळाली तर स्नॉर्केलिंगबद्दल, म्हणजे नळीने वरची हवा घेत पृष्ठभागावर पोहण्याबद्दल, त्यांनाच विचार. तिथे दाबाखालची हवा नसते.