वस्तीच्या गाडीने जाणारा रुग्ण

निपाणी

प्रिय डॉक्टर,

दाढदुखीत अँटिबायोटिक कधी द्यावं, यावरच्या शिफारशींचा तुझा मसुदा दोनदा वाचला. एकदा दवाखान्यात, एकदा घरी. छपाई देखणी, मागे संदर्भांची लांबलचक रांग. पण माझ्या कंपाउंडरबाईंनी आठ पानं चाळली आणि विचारलं, ‘सर, मग अँटिबायोटिक द्यायचं की नाही?’ मलाही नीट सांगता येईना.

प्रश्नच सैल आहे बघ. ‘दाढदुखीत अँटिबायोटिकचा वापर’ हा प्रकरणाचा मथळा झाला. रुग्ण कोण, द्यायचं काय, ते न देता दुसरं काय करता आलं असतं आणि शेवटी रुग्णाला फरक कशात पडायला हवा, हे चारही लिही. समज, धडधाकट मोठं माणूस आहे, दाढेची नस सुजली आहे, रात्रभर ठणका आहे, पण गालाला सूज नाही आणि ताप नाही. अँटिबायोटिकने त्याचा ठणका उतरतो का? असं विचारलंस की काय शोधायचं ते कळतं. आणि शोधल्यावर हाताला काय लागतं माहीत आहे? झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकच चाचणी, 40 रुग्णांची. पेनिसिलिन घेणारे आणि औषध नसलेली गोळी घेणारे, दोघांच्या ठणक्यात सांगण्याजोगा फरक नाही. बस, एवढंच.

म्हणून पुरावा किती भक्कम आणि शिफारस किती ठाम यांचे रकाने वेगळे ठेव. तू दोन्ही एकातच कोंबलेस. पुरावा जोखायच्या ग्रेड नावाच्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेली चाचणी वरून सुरू होते, पण 40 जणांवरची असली की संख्येपायीच खाली उतरते. तरीही ‘देऊ नका’ ठामपणे म्हणता येतं, कारण दुसऱ्या पारड्यात जुलाब, अंगावर उठणारं पित्त, क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी आणि औषधाला दाद न देणारे जंतू आहेत. पारडी कशी तोललीस ते दोन ओळींत लिही. वाचणाऱ्याला निकाल पटो न पटो, तू तिथवर कसा पोचलास ते तरी कळेल.

मी स्वतः कित्येक वर्षं पाच दिवसांचा कोर्स लिहीत आलो, हे तुझ्यापासून कशाला लपवू? विडी वळणारी एक बाई तीनदा त्याच दाढेसाठी आली. दर वेळी मी गोळ्या दिल्या, ठणका थांबला, ती कामाला गेली. चौथ्यांदा आली तेव्हा तोंड उघडत नव्हतं. नस मेली की तिथे रक्त पोचत नाही, मग रक्तातून जाणारं औषध कुठून पोचणार? दाढ उघडायला नाहीतर काढायलाच हवी होती. कॉलेजात शिकलेलं हे खुर्चीपाशी उभं राहिल्यावर मी विसरलो होतो.

आता चौथं कलम. ‘अँटिबायोटिक न देता तातडीने उपचार करावेत.’ हे तू अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019 च्या शिफारशींतून उचललंस. उचल की, पण अर्धं का? त्यांनी दोन वाटा केल्या आहेत: उपचार लगेच मिळत असतील तर, आणि नसतील तर. जुलैत कणकुंबीसारख्या लांबच्या गावाहून गाल सुजवून आलेला माणूस डोळ्यांपुढे आण. रूट कॅनॉल करणारा बेळगावात, पाऊस धो धो, आणि संध्याकाळची वस्तीची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर. त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. नस मेलेली, मुळाशी पू, सूज आलेली, आणि उपचार आज शक्य नसेल तर ॲमॉक्सिसिलिन 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, 3 ते 7 दिवस, आणि तिसऱ्या दिवशी चौकशी. (पेनिसिलिनची ॲलर्जी विचारल्याशिवाय नाही.) नस जिवंत असून नुसता ठणका असेल तर या वाटेवरही अँटिबायोटिक नाही, वेदनाशामक द्यायचं. तिसऱ्या दिवशी फोन कुणी करायचा तेही कलमात घाल, नाहीतर कुणीच करणार नाही.

बाहेरची शिफारस आपल्याकडे जुळवून घेणं ही पळवाट आहे असं मानू नकोस. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये, हृदयाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दाताच्या कामाआधी ज्यांना अँटिबायोटिक द्यायचं त्या रुग्णांची यादी आखडली आणि संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेले रुग्ण तीतून वगळले. ऑस्ट्रेलियात तिथल्या आदिवासींमध्ये हा आजार पुष्कळ, म्हणून त्यांनी ते रुग्ण यादीत ठेवले आणि कारणही सांगितलं. आपल्याकडेही हा आजार अजून आहे, तेव्हा झडपांच्या रुग्णांबद्दलच्या कलमावर एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला बसव.

मसुदा करणाऱ्या तुझ्या समितीत सातही जण दंतवैद्यच, हे काही बरं नाही. एक फिजिशियन घे, एक मेडिकलवाला घे (चिठ्ठीशिवाय गोळ्या मागायला लोक त्याच्याकडेच जातात) आणि एखादी मिश्री लावणारी आजी घे. हसू नकोस, ती जे विचारेल ते आपल्याला सुचत नाही. कुठल्या कंपनीकडून काय घेतलं हे प्रत्येकाकडून लिहून घे, माझ्याकडूनही. माझ्या टेबलावरची डायरी औषध कंपनीच्या एमआरनेच (विक्री प्रतिनिधीने) दिलेली आहे.

रुग्णाला द्यायचा कागद एका पानाचा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड बाजू भाषांतरावर सोडू नकोस, ‘हल्लु नोवु’ (दात दुखतोय) म्हणत येणाऱ्या माणसाला वाचून दाखव आणि कुठे अडतो ते बघ.

रविवारी दवाखाना बंद असतो, ये. चौथं कलम तेवढं नव्याने लिहून आण. आधी कंपाउंडरबाईंना वाचायला देऊ, मग मी वाचतो.

तुझा,
सर