माध्यम नितळ, तरी पेशी मंदावलेल्या

प्रश्न : गेल्या काही आठवड्यांपासून आमच्या पेशीसंवर्धनातील पेशींची वाढ मंदावली आहे. माध्यम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) मात्र नितळ आहे, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत नाहीत आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविके आम्ही नियमित घालतो. तरीही संसर्ग असू शकतो का?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : असू शकतो, आणि तुमच्या वर्णनावरून पहिला संशय मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचाच येतो. इतर जिवाणू सहसा लपून राहत नाहीत. एक-दोन दिवसांत माध्यम गढूळ होते आणि त्यातील फिनॉल रेड हे आम्लता दाखवणारे रंगद्रव्य पिवळे पडते. बुरशी आणि यीस्टही सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. मायकोप्लाझ्माला मात्र पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भित्तिकेच्या बांधणीत अडथळा आणणारे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. शिवाय तो इतका सूक्ष्म आणि लवचीक असतो की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो, आणि एका मिलिलिटरमध्ये त्याची संख्या १ कोटीवर गेली तरी माध्यम नितळच दिसते. पेशीसंवर्धनातील त्याचा संसर्ग १९५६ मध्येच नोंदवला गेला होता, तरी तो आजही अनेकांना चकवतो.

तुमच्या पत्रातला ‘नियमित’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकला. प्रतिजैविकांमुळे संसर्ग पूर्ण जात नाही, पण दबून राहतो आणि चाचणीलाही हुलकावणी देतो. म्हणून पेशी निदान दोन आठवडे प्रतिजैविकांविना वाढवा आणि माध्यम दोन-तीन दिवस न बदलता, पेशींची दाटी झाल्यावर नमुना घ्या.

पीसीआर चाचणीचा (जंतूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो शोधणाऱ्या) निकाल काही तासांत मिळतो. मात्र जुन्या माध्यमातील घटक अभिक्रिया रोखू शकतात, त्यामुळे नमुन्यात मुद्दाम ज्ञात डीएनए मिसळलेली एक नळी (तिचा निकाल सकारात्मक यायलाच हवा) सोबत लावल्याशिवाय ‘नकारात्मक’ निकालावर विसंबू नये. जोडीला होख्स्ट या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंजकाने पेशी रंगवून पाहाव्यात. निरोगी पेशीत फक्त केंद्रक निळे चमकते, तर बाधित पेशीत केंद्रकाबाहेर आणि पेशीच्या कडेने बारीक ठिपक्यांची पखरण दिसते. मेलेल्या पेशींच्या केंद्रकांचे तुकडेही असेच चमकतात, पण ते आकाराने लहानमोठे असतात. नवख्या नजरेची फसगत होते ती इथेच. मायकोप्लाझ्माच वेगळा वाढवून पाहण्याची पारंपरिक चाचणी विश्वासार्ह आहे, पण तिला सुमारे चार आठवडे लागतात.

निकाल येईपर्यंत हे फ्लास्क वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि त्यांचे काम दिवसाच्या शेवटी करा. संसर्ग निघाला तर पेशी टाकून द्रव नायट्रोजनमधील जुना साठा काढणे उत्तम. मात्र तोही आधी तपासा, कारण गोठवल्याने मायकोप्लाझ्मा मरत नाही.