पंचविसावं घराणं: परके, पण सोवळ्यात जास्तच कडक

प्रश्न असा आहे की प्राचीन इजिप्तच्या पंचविसाव्या घराण्याचे फराओ, म्हणजे राजे, कुशचे, म्हणजे आजच्या सुदानातले. मग थीब्जच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमधल्या आमुन देवाच्या शहरातल्या, पुरोहितांनी हे परके राजे चालवून कसे घेतले? ‘फौज मोठी होती’ असं उत्तर कोणी देईल. खरंय, पण फौजेनं शहर मिळतं, देऊळ मिळत नाही.

आधी या घराण्यातल्या राजा पियेचा शिलालेख बघा. १८६२ साली सुदानात जेबेल बर्कल या डोंगरापाशी सापडला, आता कैरोत आहे. ग्रॅनाइटचा दगड, १५९ ओळी मजकूर. इ.स.पू. ७२८च्या सुमारास पियेची फौज उत्तरेत साईस शहराच्या तेफनख्त या राजावर चालून गेली, त्याची ही हकीकत. निघताना फौजेला हुकूम काय? थीब्जला पोचलात की आधी नदीत अंघोळ करा, धूतवस्त्र नेसा, धनुष्यं उतरवून ठेवा, आमुनपुढे माथा टेका. लढाई त्यानंतर.

पुढे हर्मोपोलिस हे शहर वेढ्यात जेरीला येतं आणि तिथला राजा नमलोत शरण येतो. पिये आधी देवळात जातो, मग वाड्यात. नमलोतच्या राण्या आणि मुली समोर आणतात, तर हा त्यांच्याकडे बघतही नाही. थेट पागेत जातो. तिथे घोडे उपाशी! मग जो भडकतो! तुझ्या बाकी सगळ्या अपराधांपेक्षा ही उपासमार मला जास्त लागली, असं नमलोतला सुनावतो. (ही नुसती लेखातली ऐट नव्हे. सुदानातल्या एल-कुरूच्या राजस्मशानात या घराण्याचे २४ घोडे रीतसर पुरलेले सापडलेत.)

आणि शेवट तर आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटेल असा. चार राजे शरण येतात, पण तिघांना वाड्याच्या दारातच थांबवतात. कारण? त्यांची सुंता झालेली नाही आणि ते मासे खातात. एकट्या नमलोतला आत प्रवेश, कारण तो शुद्ध, मासे न खाणारा. गंमत म्हणजे हे संस्थानिक स्वतः बरेचसे लिबियन वंशाचे. परका राजा दुसऱ्या परक्यांना ओवळे ठरवतोय, आणि तेही इजिप्तच्याच नियमांनी.

हे सोवळं आलं कुठून? इजिप्तमधूनच. इ.स.पू. १५००च्या आसपास इजिप्तनं कुश जिंकला, पुढे चारेकशे वर्षं ताब्यात ठेवला आणि जेबेल बर्कलच्या पायथ्याशी आमुनचं देऊळ बांधलं. त्या डोंगराचा एक सुळका फणा काढलेल्या नागासारखा दिसतो. फराओच्या कपाळावरही नागच, त्यामुळे आमुन या डोंगरातच राहतो अशी इजिप्तच्या लोकांचीच श्रद्धा होती. इजिप्तचे राज्यकर्ते गेले, देव राहिला. म्हणून कुशचे राजे उत्तरेला आले ते ‘तुमचा देव आमच्याकडे आहे’ अशा थाटात.

दुसरी खेळी दत्तकाची. थीब्जला ‘आमुनची पत्नी’ हे मोठं धार्मिक पद होतं. तिला मूल नसायचं, वारस दत्तक घेतली जायची. लिबियन राजा ओसोर्कोन तिसरा याची मुलगी शेपेनवेपेत त्या गादीवर होती. तिच्या मांडीवर कुशच्या काश्ताची मुलगी, म्हणजे पियेची बहीण, अमेनिर्दिस दत्तक दिली गेली. पुरोहितांनी यांना कसं चालवून घेतलं, याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं, असं माझं मत.

पुढचं थोडक्यात. पियेनंतरच्या शबाका, तहार्का या राजांनी देवळं बांधली, जुने ग्रंथ दगडावर उतरवून घेतले. (शबाकाचा असा एक दगड पुढे कोणीतरी जात्यासाठी वापरला, आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.) मग आजच्या इराकातले असिरियन आले: इ.स.पू. ६७१ला उत्तरेतलं मेम्फिस शहर पडलं, ६६३ला थीब्ज लुटलं गेलं. कुशचे राजे मायदेशी परतले आणि तिथे त्यांचं राज्य पुढे जवळजवळ हजार वर्षं टिकलं.

‘परके’ हा शिक्का खरा कडक बसला तो ते गेल्यावर. इ.स.पू. ५९३च्या सुमारास इजिप्तचा फराओ दुसऱ्या सामटिकनं कुशवर स्वारी केली आणि इजिप्तमधल्या देवळांतून कुशच्या राजांची नावं खोडायला लावली. या राजांच्या कपाळावर एकाऐवजी दोन नाग असत. संग्रहालयात त्यांचा पुतळा दिसला तर कपाळाकडे नीट बघा. कित्येकांवरचा एक नाग छिन्नीनं तासून टाकलेला आहे.